पीथमपूरची जपानी मालमोटार : लौकिक आणि अनुभव

(लेखक : सतवास येथील एक भुसार व्यापारी)

व्यापाराचे निम्मे यश खरेदीत असते आणि उरलेले निम्मे माल वेळेवर व धडपणे पोहोचविण्यात असते, ही गोष्ट भुसार मालाच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या कोणासही निराळी सांगावयास नको. आपल्या मंडळाच्या या वार्षिक स्मरणिकेत भाव, कर, कायदे व समाजकार्य यांविषयी दरवर्षी अभ्यासपूर्ण लेख येत असतात. परंतु ज्या वाहनावर आपला गहू, चणा आणि सोयाबीन लादून आपण निर्धास्तपणे गादीवर येऊन बसतो, त्या वाहनाविषयी सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून यंदा तोच विषय घेतला आहे.

सतवास, कन्नोद, खातेगाव या आमच्या टापूची सारी मदार रस्त्यावर. इकडचा माल इंदूरकडे जावयाचा तो कन्नोदवरून घाट चढून, आणि खंडवा-हरद्याकडे जावयाचा तो नर्मदा ओलांडून. अशा मुलखात कोणती मालमोटार भरवशाची, हा केवळ चर्चेचा विषय राहत नाही. मालाची मुदत, पेढीची पत आणि गाडी हाकणाऱ्याचा जीव या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात. गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नाच्या उत्तरात एक जपानी नाव वारंवार ऐकू आले. आणि ती गाडी तयार होत होती आपल्या शेजारच्याच धार जिल्ह्यात. तिचा इतिहास आणि तिच्याविषयीचे बरे-वाईट अनुभव वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तीन शिंगाड्यांचे चिन्ह

मित्सुबिशी हे नाव आपण तीन लाल हिऱ्यांच्या चिन्हावरून ओळखतो. जपानी भाषेत ‘मित्सु’ म्हणजे तीन आणि ‘हिशी’ म्हणजे शिंगाडा. शिंगाड्याचा आकार चौकटीच्या पानासारखा म्हणून त्या आकृतीसही तोच शब्द रूढ झाला. किराणा-भुसाराच्या व्यापाऱ्यास हे चिन्ह परके वाटू नये! या घराण्याचा मूळ पुरुष यातारो इवासाकी. त्याने १८७० मध्ये तीन आगबोटींवर वाहतुकीचा धंदा आरंभिला. बोटींवरून खाणी, गोद्या, कारखाने असा व्याप वाढत गेला आणि १९१७ मध्ये जहाजे बांधणाऱ्या मंडळींनीच ‘मॉडेल ए’ नावाची मोटार घडविली. १९२१ पर्यंत अशा केवळ २२ गाड्या तयार झाल्या. हाताने घडविलेली ही मोटार परदेशी गाड्यांपुढे महाग पडली आणि तो उद्योग थांबला.

दुसऱ्या महायुद्धात जपान उद्ध्वस्त झाला. त्या काळी व पुढे काही वर्षे ‘जपानी माल’ म्हणजे स्वस्त आणि तकलादू माल, अशीच जगाची समजूत होती. आपल्या वाडवडिलांच्या तोंडीही हा शब्द याच अर्थाने असे. ती समजूत बदलावयास कारण घडले ते जपान्यांच्या चिकाटीचे. १९५० मध्ये डेमिंग नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने तेथे व्याख्याने दिली. माल तयार झाल्यावर तपासून सदोष नग बाजूस काढीत बसण्यापेक्षा, तो तयार करतानाच प्रत्येक पायरीची नोंद ठेवून दोषाचे मूळ शोधावे, असे त्याचे सांगणे होते. जपानी कारखानदारांनी ते मनावर घेतले आणि १९५१ पासून त्याच्या नावाचे पारितोषिकही सुरू केले. १९६३ मध्ये मित्सुबिशीने ‘कँटर’ ही हलकी मालमोटार बाजारात आणली, आणि १९७० मध्ये मोटारींचा विभाग स्वतंत्र कंपनी म्हणून वेगळा झाला. हीच कँटर पुढे आपल्या दारी आली.

पीथमपूर आणि चार भागीदाऱ्या

१९८० नंतरच्या दशकात आपल्या सरकारने हलक्या मालमोटारींसाठी परदेशी सहकार्यास वाट मोकळी करून दिली, तेव्हा एकदम चार जपानी नावे देशात आली. उत्तर प्रदेशात सूरजपूर येथे डीसीएम-टोयोटा, आंध्रात झहीराबाद येथे ऑल्विन-निसान, पंजाबात स्वराज-माझदा, आणि आमच्या मध्य प्रदेशात पीथमपूर येथे आयशर-मित्सुबिशी. आयशर हे नाव माळव्याच्या शेतकऱ्यास नवे नव्हते. १९५९ पासून याच नावाचे ट्रॅक्टर देशात तयार होत होते. मालमोटारींसाठी या मंडळींनी १९८२ मध्ये मित्सुबिशीशी करार केला आणि १९८६ मध्ये पीथमपुरातून पहिली कँटर बाहेर पडली.

महूच्या पुढे, आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूस असलेला हा माळ त्या काळात पाहता पाहता कारखान्यांनी भरून गेला. जपानी हुन्नराची पुष्कळशी पावले तेथे उमटली. पुण्याच्या फिरोदिया मंडळींनी होंडाच्या सहकार्याने काढलेली, बटणाने सुरू होणारी व गिअर बदलावयास न लागणारी कायनेटिक होंडा स्कूटर तेथेच तयार होई. हे घराणे अहमदनगरचे, आणि आपल्याच समाजातील. त्यामुळे आम्हां मंडळींस तिचे विशेष कौतुक वाटे. होंडा त्या भागीदारीतून १९९८ मध्ये बाहेर पडली. हिंदुस्थान मोटर्सचा इसुझु जातीची इंजिने तयार करणारा कारखानाही पीथमपूरचाच.

परंतु जपानी नाव आले म्हणजे धंद्याचे कल्याण झाले, असे मात्र घडले नाही. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथे पाच बड्या राष्ट्रांनी डॉलर स्वस्त करण्याचा करार केला आणि जपानी येनचा भाव चढू लागला. ज्या डॉलरला सुमारे २४० येन मिळत, त्यास दोन-सव्वादोन वर्षांत जेमतेम १२० ते १२५ मिळू लागले. या चारही कारखान्यांचे सुटे भाग प्रारंभी जपानातून येत. माल तोच, पेटी तीच. पण किंमत मात्र कारखान्यास पेलवेनाशी झाली. त्याच १९८६ साली टेल्कोने पुण्याहून ४०७ ही गाडी आणली. ती परदेशी सहकार्यावाचून, आपल्याच रस्त्यांचा आणि आपल्याच मिस्त्रींचा विचार करून घडविलेली होती. आणि तिने या चौघांनाही घाम फोडला.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. टोयोटाची भागीदारी मोडून तो कारखाना कोरियाच्या देवू कंपनीकडे गेला. निसानची भागीदारी महिंद्राच्या पदरात पडली. स्वराज-माझदाचे २०११ मध्ये नाव बदलून एसएमएल इसुझु झाले आणि २०२५ मध्ये तिचे बहुसंख्य भाग महिंद्राने घेतले. पीथमपूरच्या कारखान्याने सुटे भाग देशातच करून घेण्याचा सपाटा लावला, १९९४ मध्ये मित्सुबिशीशी असलेला करार संपला, आणि २००८ पासून तो कारखाना स्वीडनच्या व्होल्वोबरोबरच्या भागीदारीत चालत आहे. गंमत अशी की, उत्तरेकडे अशा बेताच्या कोणत्याही मालगाडीस सर्रास ‘कँटर’ म्हणतात, तर आपल्या मराठी वर्तमानपत्रांत ती ‘आयशर’ असते. एकीकडे जपानी नाव टिकले, दुसरीकडे देशी; गाडीचा वंश मात्र एकच.

मालकांचे म्हणणे

आता अनुभवाकडे वळू. मंडीत दहा गाडीमालकांस विचारले तर दहा उत्तरे मिळतात. कौतुक करणारे सांगत की, हिवाळ्याच्या पहाटे गाडी चटकन सुरू होते, सुमारे ३.३ लिटरचे चार नळकांड्यांचे इंजिन चढावर दम टाकीत नाही. डिझेल बेताचे लागते. केबिन पुढे कलविली की सारे इंजिन मिस्त्रीच्या हाताखाली येते. आणि बाजारपेठेच्या अरुंद गल्लीत ती सहज वळते. हे गुण खरे होते आणि म्हणूनच दूध, भाजी, कापड, औषधे अशा हलक्या व घाईच्या मालासाठी ती फार लवकर पसंतीस उतरली.

तक्रार करणारेही खोटे बोलत नव्हते. प्रारंभीच्या वर्षांत सुटा भाग हवा तर इंदूर गाठावे लागे आणि तेथे तो महाग पडे. गावच्या मिस्त्रीस जुन्या, बोजड गाड्यांची सवय. नव्या इंजिनाची बारीक मापे त्यास अवगत नसत. पाटे मोडतात, टायर लवकर झिजतात, क्लच जळतो, अशी ओरड तर नेहमीचीच. एकाच बनावटीच्या गाडीविषयी एकजण म्हणे ‘सोने आहे’ आणि दुसरा म्हणे ‘सुगी संपण्याआधी विकून मोकळा होईन’. आमच्या पेढीचा माल निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांवरून गेला आहे. त्यांत एका बनावटीच्या दोन गाड्या, एकाच हंगामात घेतलेल्या, दोन निरनिराळ्या मालकांच्या होत्या. कोणत्या कंपनीच्या, ते सांगण्याचे कारण नाही. एकीचा मालक कागदावर जेवढे वजन लिहिले असेल त्याहून एक पोते अधिक घेत नसे. आम्हांस त्याचा राग येई, कारण उरलेल्या पोत्यांसाठी दुसरी गाडी पाहावी लागे. दुसऱ्याचा मालक म्हणे, ‘टाका, शेठ, जेवढी मावतील तेवढी.’ पाचव्या वर्षी या दुसऱ्या गाडीचा मागील आस घाटात तुटला. चालक वाचला तो केवळ गाडी डोंगराच्या अंगास झुकली म्हणून. पहिली गाडी मात्र त्यानंतरही कित्येक सुग्या पाहत राहिली. बाजारात दोघांनीही आपापल्या अनुभवावरून त्या बनावटीची कीर्ती किंवा अपकीर्ती पसरविली. पण दोघांचे वजनकाटे एक नव्हते, ही गोष्ट कोणी पाहिली नाही.

अतिभाराचा हिशेब

तीन-चार टनांसाठी घडविलेल्या गाडीवर साठ-पासष्ट पोती लादण्याची आपल्याकडील जुनी चाल होती. एक पोते क्विंटलचे धरले तर हा भार जवळजवळ दुप्पट होतो. सामान्य समजूत अशी की, भार दुप्पट तर झीज दुप्पट. भाडेही दुप्पट मिळते, तेव्हा हिशेब बरोबर. यंत्रशास्त्र निराळे सांगते. बॉल-बेअरिंगवरील भार दुप्पट केला तर त्याचे आयुष्य निम्मे होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. रस्त्याचे तर त्याहून वाईट. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मुद्दाम गाड्या फिरवून जी मोठी चाचणी झाली, तिच्यावरून असे ठरले की आसावरचा भार दुप्पट झाला म्हणजे रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते. म्हणजे आज अधिक पोती टाकून वाचविलेले भाडे, उद्या त्याच फुटक्या रस्त्यावर पाटे व टायर यांच्या रूपाने आपल्याच खिशातून जाते. व्यापाऱ्यास हा आतबट्ट्याचा व्यवहार उमगू नये, हे नवल!

कायदाही आता कडक झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अतिभारास सक्त मनाई केली. २०१८ मध्ये सरकारने आसावरील भाराची मर्यादा वाढवून दिली, ती वाहतूकदारांच्या सोयीसाठीच. आणि २०१९ च्या दुरुस्तीने अतिभारास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये असा दंड ठरला. परंतु दंडाच्या भीतीहून जुनी अशी एक गोष्ट आपल्या घरातच आहे. अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार श्रावकास सांगितले आहेत, त्यांत ‘अतिभारारोपण’ म्हणजे मुक्या जनावरावर शक्तीबाहेर ओझे लादणे, हा एक स्पष्ट सांगितला आहे. बैलगाडीच्या काळी आपले आजोबा बैलाच्या खांद्याकडे पाहून पोते उतरवीत. आता खांदा लोखंडाचा झाला म्हणून तो दोष संपला, असे मानता येईल काय? लोखंडास वेदना नसतील; पण त्याच्यावर बसलेला चालक, आणि समोरून सायकलीवर येणारा शाळकरी मुलगा, यांचा जीव त्याच ओझ्याखाली असतो.

कुलुपात ठेवलेल्या तक्रारी

इतके वाचून कोणी म्हणेल, ‘मग दोष नेहमी मालकाचाच; कारखानदार धुतल्या तांदळासारखा.’ तसे मुळीच नाही. याच मित्सुबिशीच्या मायदेशातील इतिहास याची साक्ष देतो; आणि व्यापाऱ्याने तो विशेष लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे.

२००० साली जपानच्या वाहतूक मंत्रालयास सुगावा लागून कंपनीत तपासणी झाली, तेव्हा गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे कागद कर्मचाऱ्यांच्या कपडे बदलण्याच्या खोलीतील कपाटांत दडविलेले सापडले. १९७७ पासून, म्हणजे वीसांहून अधिक वर्षे, तक्रारींच्या दोन चोपड्या चालू होत्या, असे म्हणावे लागेल : एक सरकारास दाखविण्याची आणि दुसरी खरी. सदोष गाड्या जाहीरपणे परत बोलाविण्याऐवजी त्या गुपचूप दुरुस्त करून देण्याची ही रीत होती. कंपनीस लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि अध्यक्षांस पायउतार व्हावे लागले.

याहून दुःखद प्रकार पुढे झाला. जानेवारी २००२ मध्ये योकोहामा शहरात मित्सुबिशीच्या एका अवजड मालमोटारीचे चाक मुळापासून निखळले आणि रस्त्याच्या कडेने मुलांना घेऊन चाललेल्या एका मातेचा त्याखाली बळी गेला. तिची दोन मुले जखमी झाली. कंपनीचे म्हणणे काय, तर गाडीमालकाने देखभाल नीट केली नव्हती! दोन वर्षे हेच पालुपद चालू होते. अखेर मार्च २००४ मध्ये, ज्या तुंब्यावर चाक बसते त्याचीच रचना सदोष होती, हे कबूल करून एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. वरिष्ठ अधिकाऱ्यांस अटक झाली आणि पुढे दोन माजी अधिकाऱ्यांस न्यायालयाने दोषी ठरविले. २०१६ मध्ये तिसरा घोटाळा उघडकीस आला. लिटरमागे गाडी किती धावते याचे आकडे फुगवून सांगितल्याचे कंपनीने कबूल केले आणि १९९१ पासूनच चाचणीची चुकीची पद्धत वापरात होती, हेही बाहेर पडले. त्याच वर्षी निसानने कंपनीचे ३४ टक्के भाग घेतले. ज्या नावाचा प्रारंभ तीन आगबोटींपासून झाला, त्या नावाच्या मोटार कंपनीस दुसऱ्याच्या आधाराने उभे राहावे लागले.

येथे एक खुलासा करणे न्यायाचे होईल. योकोहामाची गाडी अवजड जातीची होती. ती आपली कँटर नव्हे. आणि पीथमपूरचा मित्सुबिशीशी असलेला करार या सर्व गोष्टी उजेडात येण्यापूर्वीच, १९९४ मध्ये, संपला होता. तेव्हा तिकडचा कलंक इकडे लावण्याचे कारण नाही. हा इतिहास सांगितला तो एवढ्यासाठी की, ‘देखभाल नीट केली नाही’ हे वाक्य कधी खरे असते, तर कधी ढाल असते. घाटात आस तुटलेल्या गाडीच्या बाबतीत ते खरे होते. योकोहामात ते खोटे होते. मग खरे-खोटे ओळखावे कसे?

गाडीची कीर्द

याचे उत्तर आपल्या धंद्यातच आहे. दोघांमध्ये देण्या-घेण्याचा वाद उपस्थित झाला तर आपण कोणाच्या आवाजाच्या चढउतारावर निवाडा करीत नाही. कीर्द आणि खतावणी उघडतो. मालमोटारीच्या बाबतीत मात्र आपण अजूनही ऐकीव गोष्टींवर लाखो रुपये गुंतवितो. माझी सभासद बंधूंस आग्रहाची सूचना आहे की, ज्यांच्या घरी स्वतःची गाडी आहे त्यांनी प्रत्येक गाडीची एक स्वतंत्र वही ठेवावी. कोणत्या तारखेस किती वजन, कोठून कोठे, किती डिझेल, कोणत्या किलोमीटरला ऑईल बदलले, कोणता भाग मोडला, तो अस्सल घातला की नकली, एवढे लिहिण्यास रोज पाच मिनिटे पुरतात. वर्षअखेर बेरीज केली की त्या गाडीचा खरा स्वभाव समजतो; शेजाऱ्याच्या कौतुकाची अथवा निंदेची गरज उरत नाही.

या वहीचे आणखी दोन उपयोग आहेत. जुनी गाडी विकत घेताना मालकाकडे अशी वही मागावी. ज्याच्याजवळ ती असेल, त्याच्या गाडीस चार पैसे अधिक देण्यास हरकत नाही. ज्याच्याजवळ नसेल, त्याच्या गाडीचा रंग कितीही चकचकीत असो, पाटे व चेसिस तपासल्यावाचून बयाणा देऊ नये. दुसरा उपयोग कायद्याचा. २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या देशातही सदोष वाहने परत बोलाविण्याची तरतूद झाली असून, सात वर्षांच्या आतील वाहनांसाठी तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. कारखानदाराने ‘तुमचीच देखभाल नव्हती’ असे म्हटले, तर ज्याच्या हाती वजनासकट लिहिलेली वही आहे, तोच ताठ मानेने उत्तर देऊ शकेल. ज्याने दररोज दुप्पट ओझे वाहिले, त्याची तक्रार खरी असली तरी ती मांडावयास त्यास जागा उरत नाही.

ही नोंद तरुण पिढीने हाती घ्यावी, असे मला वाटते. पेढीवर नव्याने बसणाऱ्या मुलास प्रथम हीच वही द्यावी. त्यातून त्यास वाहतुकीचा खर्च कळेल, मिस्त्रीची भाषा कळेल आणि चालकाशी आदराने बोलण्याची सवयही लागेल. कोणता भाग कुरकुरतो हे सर्वांत आधी कळते ते चालकास. आणि त्याचे ऐकून घेणारा मालक असेल तर निम्मे अपघात टळतात.

आपण धान्याची वानगी हातावर घेतो ती ढिगाचे इमान पाहण्यासाठी. वानगी चांगली आणि ढीग किडका निघाला, तर तो व्यापारी पुन्हा त्या पेढीची पायरी चढत नाही. मोटारीच्या कारखान्यासही तोच न्याय लागू आहे. मित्सुबिशीस जे भोवले ते दोषामुळे नव्हे. दोष तर प्रत्येक मालात निघतो. त्यांस भोवले ते दोष दडविल्यामुळे. नाव जपानी असो, स्वीडिश असो, की पुण्याचे. गाडीवर पेलेल तेवढेच ओझे टाकणारा मालक आणि झालेला दोष उघड सांगणारा कारखानदार, हे दोघे भेटले म्हणजेच वाहन भरवशाचे ठरते. यांपैकी एक बाजू पूर्णपणे आपल्या हाती आहे. येत्या सुगीत काट्यावर गाडी चढवितानाच आपण सर्वांनी तिचे स्मरण ठेवावे, एवढीच विनंती करून लेख पुरा करतो.